गोमाबाबांचं घड्याळ खरं होतं

काशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी घड्याळांना चाव्या देत होतो. रोज सकाळी चहाच्या आधीचं हे माझं काम, पाच-सहा घड्याळं आलटूनपालटून चालू ठेवायची. मोबाईलवर काशीच्या मुलाचं, दिनेशचं नाव दिसलं आणि उचलायच्या आधीच कळलं. "काका, पप्पा गेले," एवढंच म्हणाला तो. दोनच दिवसांपूर्वी त्याला कल्याणच्या हॉस्पिटलातून घरी आणलेलं. मी खुर्चीत बसलो. बायको विचारत होती काय झालं. डोळ्यांत पाणी आलं, ते अगदी खरं होतं. पण त्या पाण्याच्याही आधी मनात दुसरंच काहीतरी येऊन गेलेलं... सुटलो. हो, सुटलो असंच वाटलं मला. पस्तीस वर्षांपासूनचा मित्र गेला आणि माझ्या मनाने पहिलं काय केलं, तर सुटकेचा श्वास टाकला. कारण एक गोष्ट काशीला सांगायची एकोणीस वर्षं राहिली होती, आणि आता ती सांगायला नको होती.

मित्राबद्दल चार शब्द लिहा, असं वर्तमानपत्राच्या पुरवणीतून सांगणं आलं तेव्हा मी नेहमीसारखं लिहायला बसलो. दिलदार, हसतमुख, शब्दाला जागणारा वगैरे. काशी हे सगळं होताच, त्यात खोटं काही नाही. पण पान भरलं आणि माझीच मला किळस आली. फाडून टाकलं. तर आता जे झालं ते लिहितो.

आमची ओळख वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत झाली. काशिनाथ टर्नर, मी इन्स्पेक्शनला. तो लेथवर काढायचा ते मी मापायचो, त्यामुळे सुरुवातीला भांडणंच जास्त. एकदा मी त्याचा अख्खा लॉट परत पाठवला, तर जेवणाच्या सुट्टीत समोर येऊन बसला, डब्यातली तांदळाची भाकरी माझ्या डब्यात टाकली आणि म्हणाला, आता हिचं पण माप काढ. तिथून जे जुळलं ते जुळलं. मी ठाण्याचा, टेंभी नाक्याजवळच्या चाळीत वाढलेला. तो डोंबिवली पश्चिमेच्या खाडीकडच्या गावातला, तिथलाच, भूमिपुत्र. पूर्वी भातशेती आणि मिठागरं, आता चहूबाजूंनी टॉवर. कंपनीत तो आमच्यासारखंच बोलायचा, पण मनातलं काही असलं की गावच्या बोलीत शिरायचा, मग 'आवडतो'चं 'आवरतो' आणि 'काढून'चं 'कारून' व्हायचं. तो बोलीत शिरला की मी हातातलं काम ठेवून ऐकायचो.

आता घड्याळांविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. जुन्या, चावीच्या मनगटी घड्याळांचं वेड ज्याला नाही त्याला हे सगळं येडेपणाचं वाटतं, आणि त्याचं चुकतही नाही. वेळ मोबाईल दाखवतो, ती पण बिनचूक. आमची घड्याळं दिवसाला मिनिट-दोन मिनिटं इकडेतिकडे करतात. तरी सकाळी चावी देताना स्प्रिंग भरत जाते, शेवटी बोटाला जरासा अडसर लागतो आणि कळतं, बास, पोट भरलं हिचं. कानाशी धरलं की आत बारीकसा जीव धावत असतो. आणि सगळ्यात वरचढ म्हणजे डायल, तबकडी. पन्नास-साठ वर्षांत पांढरी तबकडी हळूहळू पिवळसर, मग मारी बिस्किटासारखी होते. कुणाच्या तरी घामाने, उन्हाने, नुसत्या वयाने. ती तशीच हवी असते आम्हाला, हात न लागलेली. कारण बाजारात बहुतेक जुनी घड्याळं रिडायल केलेली असतात, म्हणजे तबकडी खरवडून नव्याने रंगवलेली. दिसायला चकाचक, पण आमच्या लेखी शून्य. दर रविवारी सकाळी ठाण्यात एका हॉटेलात आम्ही पाच-सहा जण जमतो, टेबलावर पांढरा नॅपकिन पसरतो, भिंग डोळ्याला लावतो आणि निकाल देतो. खरं की रंगवलेलं. एखादा नवखा हौसेने आजोबांचं घड्याळ घेऊन येतो आणि आम्ही एका शब्दात त्याचा चेहरा उतरवतो. आम्हाला त्याचा अभिमान बिभिमान होता. खऱ्या-खोट्याची पारख!

काशीला माझा हा नाद ठाऊक होता. माझ्यासाठी त्याने सुट्टीच्या वेळात लेथवर घड्याळाचं मागचं झाकण उघडायची किल्ली बनवून दिलेली, इतकी नेमकी की आमच्या रविवारच्या मंडळींनी ती हातात घेऊन घेऊन पाहिली. एकदा कँटीनमध्ये त्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. "बापसाचा घड्याल हाय. बग," म्हणाला. त्यामागची गोष्ट मी आधीच ऐकलेली होती, त्यांच्या गावात ती सगळ्यांना पाठ. काशीचे वडील, गोमाबाबा, खाडीपलीकडच्या मिठागरात कामाला होते. एका उधाणाच्या भरतीला बांधाला भगदाड पडलं, तर गोमाबाबा आणखी दोघांना घेऊन त्या भगदाडात पाठ लावून उभे राहिले, मागून चिखलाची पाटी येईपर्यंत. सगळ्या मोसमाचं मीठ वाचलं. मिठागराच्या शेटने सगळ्यांदेखत आपल्या मनगटावरचं घड्याळ काढून गोमाबाबांच्या हातात बांधलं. बाबांना घड्याळ वाचता येत नव्हतं, त्यांची वेळ भरती-ओहोटीवर चालायची. पण लग्नात, हळदीला, गावकीच्या बैठकीला ते घड्याळ घालून जायचे आणि कुणी "बाबा, किती वाजले?" विचारलं की हात पुढे करायचे. ज्याने विचारलं त्यानेच बघून घ्यायचं. लोक मुद्दाम विचारायचे.

मी रुमाल उघडला. जुनं स्विस घड्याळ, तबकडी मारी बिस्किटाच्या रंगाची, कुठेही हात न लागलेली. खिशातलं भिंग काढून पाहिलं. अक्षरांच्या कडा केसासारख्या बारीक, तळाची एवढीएवढी अक्षरंसुद्धा शाबूत. रंगवलेल्या तबकडीत ती अक्षरं जाड होतात नाहीतर गायबच होतात. असं घड्याळ माझ्या हातात तोवर कधीच आलेलं नव्हतं. काशी माझ्या तोंडाकडे बघत होता. आणि मी म्हणालो, "रिडायल आहे रे."

का म्हणालो? आव आणायचा नाही म्हणून स्पष्ट लिहितो. मला ते हवं होतं. घड्याळ आपण वाईट ठरवलं, त्याचं मन त्यावरून उतरलं, की काही महिन्यांनी 'असू दे, मला सुट्या भागांसाठी दे' म्हणून मागायचं, असा माझा हिशोब. ही चाल मी शोधली नाही, घड्याळांच्या नादात हे चालतंच. अनोळखी लोकांशी आम्ही सर्रास करायचो आणि नंतर हसत सांगायचो. फरक एवढाच की समोर काशी होता. वर शहाणपणा करून मी त्याला सांगितलं, रविवारी ग्रुपमध्ये आणू नकोस, उगाच हसतील. खरं कारण हे की तिथे आणलं असतं तर कुणीही पाच सेकंदांत त्याला खरं काय ते सांगितलं असतं. काशीने माझ्या हातातून ते घेतलं. मग घड्याळ परत रुमालात बांधत म्हणाला, "म्हंजे शेटनं बापसाला फसवला." मी खांदे उडवले. नुसते खांदे उडवले मी... आणि चहा प्यायलो.

मला वाटलेलं, तो हे मनात ठेवील. पण काशी मनात ठेवणारा माणूसच नव्हता. आठवड्याभराने सहज सांगावं तसं सांगितलं त्याने, की बापसाच्या कानावर घातलं. ऐंशीच्या पुढचे होते तेव्हा गोमाबाबा. म्हटलं, काय म्हणाले? तर काही नाही, घड्याळ काढलं आणि कपाटात ठेवलं. पुढच्या एका हळदीला कुणीतरी नेहमीप्रमाणे वेळ विचारली, तर बाबांनी रिकामं मनगट सदऱ्याच्या बाहीत ओढलं आणि म्हणाले, बंद पडलंय. हे काशीने मला मशीनवर काम करता करता सांगितलं. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं, 'अरे, मी चुकलो, नीट बघितलं नव्हतं.' खोटंसुद्धा खपून गेलं असतं. पण मी उलट म्हणालो, असं असेल तर मला देऊन टाक, मी विकत घेतो. काशी चक्क रागावला माझ्यावर. "खोटी वस्तू तुना कशी इकू? दोस्त हाय ना तू?" म्हणाला. झालं! माझ्या खोटेपणाने घड्याळ माझ्या हाताशी आणलं आणि त्याच्या खरेपणाने ते परत कपाटात गेलं. मला तेव्हा काय वाटलं माहितीय? चडफडलो. लाज नाही वाटली, चडफडलो. लाज पुढे आली, पावसाळ्यानंतर गोमाबाबा वारले तेव्हा.

त्यानंतर वर्षं गेली. कंपनी बंद झाली, आम्ही दोघंही घरी बसलो. त्याच्या गावच्या जमिनीवर इमारती आल्या, काशीकडे पैसा आला, पण माणूस तसाच. माझ्या मुलीच्या लग्नात दोन दिवस राबला, जेवणावळीत वाढायलासुद्धा उभा राहिला. दर थोड्या दिवसांनी डोंबिवलीहून चिंबोऱ्या घेऊन यायचा, बायकोला कशा साफ करायच्या ते स्वतः ओट्याशी उभा राहून दाखवायचा. घड्याळ मात्र त्याने मोठ्या दुकानातून सेलवर चालणारं घेतलं आणि त्याचं बिल पाकिटात घालून फिरायचा. मी विचारलं, बिल कशाला रे बरोबर? तर म्हणाला, आता कोण खोटं म्हणेल तर दाखवायला. हसत म्हणाला, मीही हसलो. दिनेशच्या हळदीला मी गेलेलो, तिथे एक म्हातारा मला सांगायला लागला, हा गोमाचा पोर, याच्या बापाला शेटने... तोच काशी लांबून धावत आला, त्याला थांबवलं आणि हात धरून जेवायच्या पंगतीकडे घेऊन गेला. जाताना माझ्याकडे असं बघितलं त्याने, जणू त्याचीच काही चोरी पकडली गेली होती. मी पण जेवलो. चांगलं भरपेट जेवलो.

दरवेळी ठरवायचो, आज सांगू. आणि दरवेळी गोष्ट आणखी जड झालेली असायची. पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. पाचव्या वर्षी काय सांगणार? की तुझा बाप ज्या गोष्टीने मान खाली घालून गेला ती मी रचलेली होती? आम्ही लोक घड्याळाच्या तबकडीवर रंगाचा एक हात चालवून घेत नाही, आणि मी एका माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात अभिमानाची गोष्ट पुसून टाकलेली. हे मला समजत होतं. समजत असूनही दर रविवारी मी भिंग लावून लोकांच्या घड्याळांचा न्याय करत होतो.

शेवटचा भेटलो तो हॉस्पिटलमध्ये, दुपारी. वजन इतकं उतरलेलं की चादरीखाली माणूस आहे असं वाटेना. मी घरून ठरवून गेलेलो, वाक्यसुद्धा जुळवलेलं. वहिनी खाली औषधं आणायला गेल्या, आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "काशी, एक सांगायचंय तुला." त्याने डोळे उघडले. म्हणाला, "मना पन सांगाचा हाय. तो बापसाचा घड्याल तुनाच देनार हाय मी. दिनेशला सांगून ठेवलाय. खोटा हाय... पन तुना आवरतो, मना ठावं हाय." मी त्याचा हात धरलेला होता. सांगायला याहून चांगली वेळ कुठली असणार होती? आणि मी काय म्हणालो... मी म्हणालो, "बरं." मग त्याने मला विचारलं, तुला काय सांगायचं होतं? मी म्हटलं, काही नाही रे, तू आराम कर.

उत्तरकार्य झाल्यावर दिनेश ठाण्याला आला. तोच रुमाल. म्हणाला, पप्पा बोललेले, काकांना असंच द्यायचं, एक रुपया घ्यायचा नाही, खोट्या वस्तूचे पैसे घेतले असं व्हायला नको. तो चहा पिऊन गेला. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि भिंग काढलं. खरं सांगतो, त्या वेळी मी देवाला हात जोडले की हे रिडायल निघू दे. एकोणीस वर्षांपूर्वी घाईत पाहिलेलं, असेल माझी चूक, असेल रंगवलेलं. जो जन्मभर अस्सल शोधत हिंडला तो आता खोटं निघावं म्हणून गयावया करत होता. पण घड्याळ अस्सल होतं. अक्षराच्या कडा तशाच बारीक, रंग जरा आणखी उतरलेला. मी ते परत गुंडाळलं. त्यानंतर दोन रविवार मी हॉटेलात गेलो नाही.

तिसऱ्या रविवारी डोंबिवलीला गेलो. एरवी मी कधी न कळवता गेलो नव्हतो. काशीची सक्त ताकीद असायची, येण्याआधी फोन कर, मासळी आणून ठेवतो. या खेपेला फोन केला असता तर मीच माघार घेतली असती, म्हणून केला नाही. दिनेशच्या बायकोने दार उघडलं. मला बघून ती जरा गोंधळली आणि मागे वळून म्हणाली, आई, सुधीरकाका आलेत. आतून वहिनी लगबगीने आल्या, मला या-बसा म्हणायच्या आधी स्टूल ओढलं आणि समोरच्या भिंतीवरचा एक फोटो उतरवायला चढायला लागल्या. मी म्हटलं, वहिनी, अहो काय करताय, पडाल. त्या थांबल्या. मग मी तो फोटो बघितला. गोमाबाबा लाकडी खुर्चीत बसलेले, डोक्याला टोपी, डावा हात मांडीवर नीट पुढे आणून ठेवलेला, सदऱ्याची बाही मुद्दाम मागे सारलेली. मनगटावर घड्याळ. बाबा गेल्यापासून इतकी वर्षं या घरात येऊन बसत होतो, जेवत होतो, आणि हा फोटो मी कधी पाहिला नव्हता.

वहिनी ओशाळून म्हणाल्या, "तुमचा फोन आला का दिनेशचे पप्पा त्यो उतरून ठेवाचे. बोलाचे, सुधीरला घड्यालातला सगला कलतं. बापूस खोटा घड्याल घालून बसलाय, त्यो बघल तर हसल."

मी उभाच होतो.  रुमाल टीपॉयवर ठेवला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. कँटीनमधलं, भिंगाचं, रविवारी आणू नकोस म्हणालो त्याचं, हॉस्पिटलमधल्या 'बरं'चं. कुठलंही वाक्य गाळलं नाही, कुठेही स्वतःला सवलत दिली नाही. निदान तेवढं तरी केलं. दिनेश आतून येऊन दाराशी थांबला होता. माझं बोलून झाल्यावर त्याने एकच विचारलं, "पप्पांना का नाही सांगितलं, काका?" आवाज चढवला नाही त्याने.  वहिनींनी रुमाल उघडला, घड्याळ हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं. पदराने काच पुसली. त्या रडतील असं मला वाटत होतं, निदान शिव्या तरी घालतील. एक तरी शिवी त्यांनी घालावी असं फार वाटत होतं.

घड्याळ रुमालावर ठेवून त्या दिनेशला म्हणाल्या, "हातोरी आन. त्यो खिला ढिला झालाय, कारून कारून. नीट ठोक. आता कवा उतरवाचा नाय."

दिनेशने हातोडी आणली, फोटो उतरवून आईच्या हातात दिला आणि स्टुलावर चढला. स्टुलाचा एक पाय जरा डुगडुगत होता. मी धरायला पुढे झालो.

"ऱ्हाऊ द्या, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. फोटो त्यांनी सुनेकडे दिला. "मी धरतंय."